सिनॅप्समामा

आमच्या मामासमोर ‘मेंदूने ठरवलं’, ‘मनाने घेतलं’ असलं काही बोलायची सोय नाही. तो चष्मा कपाळावर सरकवतो आणि थंडपणे विचारतो, “मेंदूने म्हणजे कुणी? नाव सांग.” आपण चाचरत म्हणतो, “चेतापेशींनी.” “त्या ८,६०० कोटींच्या घरात आहेत. गर्दीवर गुन्हा दाखल करता येत नाही. प्रथिनाचं नाव सांग.” इथे शहाणा माणूस चप्पल शोधायला लागतो.

प्रत्येक घराण्यात असा एक असतो. जगातला एक कोपरा त्याने तरुणपणीच निवडलेला असतो आणि तिथेच सतरंजी टाकलेली असते. कुणाचा कोपरा शिवकालीन तोफांचा, कुणाचा रेल्वेच्या वेळापत्रकाचा, कुणाचा १९७१च्या वेस्ट इंडिज दौऱ्याचा. मामाचा कोपरा जरा अरुंद निघाला. एक चेतापेशी जिथे संपते आणि दुसरी जिथे सुरू होते, त्या सांध्यातली, म्हणजे सिनॅप्समधली फट. साधारण २० नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख भाग करायचे आणि त्यातले वीस घ्यायचे. मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवण्यात त्याची सगळी नोकरी सरली. पण हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं त्याने सहकाऱ्यांना वाटून टाकली आणि स्वतःकडे एवढी फट ठेवली. डोंबिवलीत त्याच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्याला समोर ‘सर’ म्हणतात आणि पाठीमागे ‘सिनॅप्समामा’.

त्यातही फटीच्या पलीकडे त्याला रस नाही. रसायन पलीकडच्या काठाला पोचल्यावर काय होतं, असं विचारलं तर “ते दुसरं खातं” म्हणून तो पेपर उघडतो. त्याचा जीव अडकलाय अलीकडच्या काठावर. तिथे ४० नॅनोमीटर रुंदीच्या पिशव्या असतात, मामाच्या भाषेत व्हेसिकल. प्रत्येकीत हजारो रेणू भरलेले. ते नेमक्या क्षणी बाहेर कसे सुटतात, हा त्याचा प्रश्न. “सगळे विचारतात, निरोप काय होता. अरे, पण सुटला कसा?”

हे समजावताना त्याला उपमा चालत नाही. वर्गात कुणी ‘सर, म्हणजे जसं की’ म्हणून सुरुवात केली की तो म्हणायचा, “उपमा बशीत. उत्तरपत्रिकेत नको.” लग्नाला चाळीसेक वर्षं झाल्यावर एका दुपारी मामीने धीर केला. “अहो, म्हणजे कुकरच्या शिट्टीसारखंच की. दाब वाढला, सुटली.”

मामाने हातातला घास ताटात ठेवला. “कुकरचा दाब हळूहळू वाढतो. इथे दाबाचा संबंधच नाही. पिशवी आधीच काठाला टेकलेली. प्रथिनं अर्धीमुर्धी गुंफलेली. वर कॉम्प्लेक्सिन नावाचं प्रथिन ‘अजून नाही’ म्हणून बसलेलं. विजेचा संदेश येतो, पटलातल्या वाटा उघडतात, कॅल्शियम आत घुसतं. सिनॅप्टोटॅग्मिन त्या कॅल्शियमला धरतं आणि मिलिसेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात, कधी त्याच्याही आत, पिशवीचं पटल पेशीच्या पटलात मिसळून माल बाहेर! आणि कॅल्शियम दुप्पट केलं तर माल दुप्पट नाही सुटत, जवळजवळ सोळापट सुटतो. तुझ्या कुकरखाली गॅस दुप्पट केला तर सोळा शिट्ट्या होतात?”

“नाही,” मामी म्हणाली, “डाळ करपते. आणि ताटातलं गार होतं. जेवा.”

मामाच्या जेवणातही सिनॅप्सचा कायदा चालतो. अर्धी पोळी तो घेत नाही. याचं मूळ बर्नार्ड काट्झ या त्याच्या दैवतात आहे. काट्झ लाइपझिगचा ज्यू तरुण, १९३५मध्ये हिटलरच्या जर्मनीतून निसटून लंडनला आला. पुढे पॉल फॅट आणि तो बेडकाच्या स्नायूत बारीक इलेक्ट्रोड खुपसून बसले असताना त्यांना विचित्र गोष्ट दिसली. मज्जातंतूला कुणी डिवचलेलं नाही, तरी पडद्यावर अधूनमधून अर्ध्या मिलिव्होल्टच्या बारीक उड्या. दुसरा कुणी असता तर यंत्राला शिव्या घालून घरी गेला असता. या दोघांनी १९५२मध्ये त्यावर सविस्तर निबंध लिहिला. आणखी दोन वर्षांनी काट्झ आणि देल कास्तियो यांनी दाखवून दिलं की रसायन पुड्यांनी सुटतं. एक पुडी, दोन पुड्या, तीन पुड्या. “दीड कधीच नाही!” असं म्हणून मामा टेबलावर हात आपटतो. तेव्हा मामी “अर्धी तरी घ्या” म्हणाली की उत्तर ठरलेलं: “अर्धी नसते. एक वाढ किंवा वाढू नकोस.”

त्या बारीक उड्यांना या धंद्यातली माणसं ‘मिनी’ म्हणतात. मामी स्वयंपाकघरात एकटीच काहीतरी पुटपुटत असते, त्यालाही मामा मिनी म्हणतो. “बघ, स्टिम्युलस नाही, काही नाही, तरी सुटतंय.” आतून आवाज येतो, “स्टिम्युलस बाहेर खुर्चीत बसलाय.”

मामाच्या उशाशी वही आणि पेन्सिल असते. हे ऑटो लोवीमुळे. ऑस्ट्रियात ग्राझला हा औषधशास्त्राचा प्राध्यापक. त्याने स्वतःच सांगून ठेवलंय की त्याला रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, अर्धवट झोपेत त्याने कागदावर खरडला आणि सकाळी स्वतःचं अक्षर त्यालाच लागेना. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला स्वप्न परत आलं, तेव्हा मात्र तो तडक प्रयोगशाळेत गेला. दोन बेडकांची दोन धडधडती हृदयं. पहिल्याची व्हेगस नस उत्तेजित करून हृदय मंद केलं, भोवतीचं द्रावण घेऊन दुसऱ्यावर टाकलं. दुसरंही मंद झालं. म्हणजे नस हृदयाशी रसायनाने बोलते. १९२१मध्ये निबंध छापला, १९३६मध्ये नोबेल. तेव्हापासून मामा एका स्वप्नाची वाट बघतोय. एकदा ते पडलंही. पहाटे उठून त्याने अर्धं पान भरलं. सकाळी अक्षर त्याला लागेना, मामीला लागेना, मला लागेना. डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात ज्याची हयात गेली, त्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे मामा शेवटी कागद घेऊन गेला. त्याने एक नजर टाकली आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी पुढे ठेवली. मामाने पैसे दिले, गोळ्या घेतल्या. त्याचं म्हणणं, निदान बरोबर होतं.

प्रथिनांबद्दल तो सोयऱ्याधायऱ्यांसारखं बोलतो. “सिंटॅक्सिन सरळ आहे, पण मंक१८ने धरून ठेवल्याशिवाय त्याचं पान हलत नाही.” ही ‘मंक’ मंडळी मूळची एका किड्याच्या घरातली. केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनरने मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक किड्यांत बिघाड घडवले, त्यांतल्या चालताना हालचालींचा मेळ न बसणाऱ्या किड्यांच्या जनुकांना ‘अंक’ असं आडनाव आणि क्रमांक दिले आणि १९७४मध्ये सगळी यादी छापली. पुढे सस्तन प्राण्यांत त्यांचे नातलग सापडले, त्यांच्या नावाला पुढे ‘म’ लागला. पण मंक१३ आणि मंक१८ एका कुळातले नव्हेत. “दोघेही कुलकर्णी. सोयरसुतक काही नाही,” मामा बजावतो. उलट मंक१८चा खरा भाऊबंद निघाला यीस्टमध्ये. रॅंडी शेकमनने यीस्टमध्ये शोधलेल्या जनुकांतल्या पहिल्याचंच, सेक१चं, ते भावंड. तेव्हापासून मामा वडापाव खाताना पावाकडे आपल्यातलाच कुणीतरी असल्यासारखा बघतो.

७ ऑक्टोबर २०१३ला त्याने बिल्डिंगभर पेढे वाटले. शेकमन, जेम्स रॉथमन आणि थॉमस स्यूडॉफ यांना त्या दिवशी नोबेल जाहीर झालं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पेढा तोंडात टाकून विचारलं, “नात की नातू?” “स्नेअर,” मामा म्हणाला. काकूंना वाटलं, परदेशातल्या मुलांची नावं हल्ली अशीच ठेवतात. त्यांनी “छान छान, बाळंतीण कशी आहे?” विचारलं, तोवर मामा चौथ्या मजल्यावर पोचला होता. फोन आला तेव्हा स्यूडॉफ स्पेनमध्ये एका परिषदेला गाडी चालवत निघाला होता, ही गोष्ट मामा अजून सांगतो. ती संपताना न चुकता एक पुस्ती असते: “सगळ्यात जास्त कुणाकडून शिकलो, तर माझ्या बसूनच्या मास्तरांकडून, असं त्याने सांगितलंय. बसून म्हणजे वाद्य. तुम्ही लोक तबल्याचा क्लास अर्ध्यात सोडता.”

स्नेअर म्हणजे काय ते मात्र मला अंगावर कळलंय. माझ्या बहिणीचं लग्न. मुहूर्ताला अवकाश होता. कुणीतरी उगाच विचारलं, “मामा, हल्ली काय चाललंय?” मामाने लगेच स्नेअरच्या तीन प्रथिनांसाठी तीन उमेदवार निवडले. माझा थोरला भाऊ सिनॅप्टोब्रेविन, पिशवीच्या बाजूचा. एक आतेभाऊ सिंटॅक्सिन, पेशीच्या पटलाच्या बाजूचा. दोघांच्या हाती एकेक उपरणं. मी स्नॅप-२५, सिंटॅक्सिनच्याच बाजूला. “याच्या दोन लडी असतात,” म्हणून माझ्या दोन्ही हातांत एकेक. मग त्याने चारही उपरणी लांबच्या टोकापासून एकमेकांत पिळायला सुरुवात केली. पीळ पुढे सरकला तसे आम्ही ओढले गेलो. “बघा, नुसत्या गुंफण्याच्या जोरावर दोन पटलं जवळ येतात! आणखी जवळ! आता कॅल्शियम!” आम्ही नाकाला नाक लावून उभे, आणि पीळ धरता धरता मामाचं स्वतःचं मनगटही आत गेलेलं. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून गुरुजींचा आवाज आला, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.”

गाठ सुटेना. मामा घाबरला नाही. “सुटणार नाहीच. फार घट्ट जोडी असते ही. सोडवायला एनएसएफ लागतं आणि त्याला एटीपीची ऊर्जा लागते.” गुरुजींनी दुसऱ्यांदा पुकारा केला, तेव्हा मामी कुठूनशी कात्री घेऊन आली. “कात्री!” मामा आनंदाने ओरडला, “म्हणजे बोट्युलिनम!” मामीने उपरणं कापलं. मुहूर्त टळला नाही. मामा अर्ध्या उपरण्यानिशी भाचीला बोहल्यावर घेऊन आला आणि अंतरपाट दूर होईपर्यंत पुटपुटत होता, “एकच बंध तोडायचा. एकच.”

ही कात्री त्याचा हळवा विषय आहे. धनुर्वाताचं विष आणि बोट्युलिनम विषाचा ‘बी’ प्रकार सिनॅप्टोब्रेविनला अगदी त्याच एका जागी कापतात. पण बोट्युलिनम स्नायूपाशीच थांबतं, तिथे निरोप सुटत नाही, माणूस लुळा पडतो. धनुर्वाताचं विष नसेतून वर मज्जारज्जूत जातं आणि स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींचं सुटणं बंद पाडतं. माणूस ताठ होतो. म्हणून खाली खेळताना कुठल्याही पोराचं ढोपर फुटलं की पोराच्या आईआधी मामा हजर. हळद नंतर, आधी प्रश्न: “इंजेक्शन कधी घेतलंय?”

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची कथा यातलीच. एका दिवाळीला त्या फार टवटवीत दिसू लागल्या. बायका ‘बोटॉक्स’ म्हणून कुजबुजल्या, पण तोंडावर बोललं कुणी नाही. मामा लिफ्टमध्ये शिरला, त्यांच्या कपाळाकडे निरखून बघितलं आणि भरल्या लिफ्टमध्ये म्हणाला, “अभिनंदन! तुमच्या स्नॅप-२५च्या शेवटाची नऊ अमिनो आम्लं कापली गेलीत!” काकू भयंकर संतापल्या होत्या, पण संताप कपाळावर दिसायची सोय राहिली नव्हती. काही दिवस त्या जिन्याने गेल्या. मग एक दिवस दार वाजवून हळूच विचारलं, “सर, ते कापलेलं परत उगवतं ना?” मामाने त्यांना बसवलं, चहा मागवला आणि तीन-चार महिन्यांत नस पुन्हा कशी पूर्ववत होते ते सांगितलं. बिल्डिंगमध्ये ज्यांना स्नेअर कळतं अशा आता दोन व्यक्ती आहेत.

मामाच्या गॅलरीत कायम काळी पडलेली केळी असतात आणि त्यांवर चिलटं. मामी फेकायला जाते, तो आडवा येतो. “यांच्या पूर्वजांनी मुंबईचं नाव राखलंय.” यात तथ्य आहे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकींनी १९६२मध्ये जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. चिलटांमध्ये त्यांना असे वाण मिळाले, जे गार हवेत ठणठणीत आणि पारा चढला की गलितगात्र. सिद्दिकी आणि सीमोर बेंझर यांचा निबंध १९७६चा. त्यातल्या एका वाणाचं नाव ‘कोमॅटोज’. १९९५मध्ये कळलं की त्याचा बिघडलेला जनुक म्हणजे एनएसएफचाच. गुंफलेली स्नेअर सोडवणारा गडी उन्हाने थकतो, जुन्या जोड्या तशाच अडकून राहतात, नव्या पिशव्यांना प्रथिनं मिळेनाशी होतात आणि चिलट आडवं. नागपूरला मे महिन्यात लग्नाला गेलो असताना मी घामाघूम होऊन सोफ्यावर कोसळलो, तर मामा जवळ येऊन म्हणाला, “कांगावा करू नकोस. तुझं एनएसएफ उत्तम आहे.”

मी म्हटलं, “मामा, ही उपमा झाली.”

“ही उपमा नाही. निदान आहे.”

असंच एक निदान त्याने एकदा परीक्षेतही केलं. नव्वदच्या दशकाची अखेर. वायवा चालू होता. बाहेरगावच्या परीक्षकांनी एका मुलाला विचारलं, “ॲसिटाइलकोलिन सुटायला काय लागतं?” पोरगा घामाने डबडबला. परीक्षक पुढे सरकले, रक्तदाब विचारला, यकृत विचारलं, आणि पित्तरसाच्या मध्यावर पोरगा एकदम ओरडला, “कॅल्शियम!” परीक्षक हसले आणि त्यांनी शून्य मांडलं. मामाने गुण दिले. “सुटलं की. उशिरा सुटलं.” मग म्हणे परीक्षकांना १९९४चा प्रयोग ऐकवला: ज्या उंदरांत सिनॅप्टोटॅग्मिन-१ नाही, त्यांच्या चेतापेशींत झटपट सुटणं जातं, पण रेंगाळत सुटणारं शिल्लक राहतं. “यंत्रणा शाबूत आहे. वेळ चुकली, एवढंच.” परीक्षकांना गाडी पकडायची होती. पोरगा पास झाला.

या माणसाचा कंटाळा येतो, त्याला बघून पळावंसं वाटतं, पण त्याचा राग धरता येत नाही, त्याचं कारण इथे आहे. त्याने आयुष्यभर जी गोष्ट पाहिली, तीच मुळात बेभरवशाची. मेंदूतल्या कित्येक सिनॅप्स दहा संदेशांपैकी सात-आठ वेळा काहीच सोडत नाहीत. अशांच्या जोरावर आपण चालतो, गणितं सोडवतो, भांडतो. ज्याला हे ठाऊक आहे, तो प्लंबर तीन फोन करूनही आला नाही म्हणून कसा चिडणार? “तीन म्हणजे फार नाही,” मामा मामीला सांगतो, “चौथा कर.” बँकेतला माणूस फॉर्म हरवतो, भाचा वाढदिवस विसरतो, मामा हूं की चूं करत नाही. हल्ली तो स्वतःही नावं विसरतो. प्रथिनांची नाही, आमची. मला भावाच्या नावाने हाक मारतो, मी दुरुस्त केलं की जराही वरमत नाही. “जिभेपर्यंत येत होतं. पुन्हा विचार.” दुसऱ्यांदा बरोबर सांगतो.

फक्त एका प्रयोगाबद्दल बोलताना त्याचा आवाज उतरतो. २०००मध्ये मंक१८चा एक प्रकार पूर्णपणे काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. त्यांचा मेंदू जवळजवळ नीट घडला. पेशी जागच्या जागी, जोडण्याही झालेल्या. पण कुठल्याच सिनॅप्समधून एकही पुडी सुटली नाही, मिनीसुद्धा नाही. पिल्लं जन्मताच गेली. “दहात दोनदा सुटतं ना,” मामा म्हणतो, “ते कमी समजू नकोस.”

परवा रविवारी मी त्याच्याकडे फक्त लग्नाची पत्रिका द्यायला गेलो होतो. पाणी पिऊन उठणार, तेवढ्यात कुणी न डिवचता माझ्या तोंडून गेलं, “मामा, पिशव्या अशा सारख्या फुटत राहिल्या तर संपत कशा नाहीत? परत कुठून येतात?”

मामाने चष्मा कपाळावर सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा घरच्या माणसाने त्याला पुढचा प्रश्न विचारला होता. “बस,” तो म्हणाला, “हे एका बैठकीत व्हायचं नाही. आधी डायनामिन समजून घ्यावं लागेल.”

स्वयंपाकघरातून मामीने विचारलं, “पोळ्या किती टाकू तुझ्या? पूर्ण आकडा सांग.”